नर्सिंगचं रेडीमेड किट: पिशवीत कामाचं किती, भरतीचं किती

नर्सिंगचे प्रवेश आटोपले की नागपूरच्या मेडिकल चौकाच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत 'स्टुडंट किट'च्या पिशव्या दर्शनी भागात येऊन बसतात. गांधीबागेत घाऊक घेतल्या तर थोड्या स्वस्त पडतात, ऑनलाइनही मिळतात. किंमत साधारण पंधराशे ते दोन हजार, घासाघीस केली की शे-दोनशे सुटतात. आतला माल सगळीकडे जवळपास सारखा: दोन तोंडांचा स्टेथोस्कोप, डायलचं बीपी यंत्र, डिजिटल थर्मामीटर, बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर, पेनटॉर्च, रिफ्लेक्स हॅमर, ट्यूनिंग फोर्क, टेप, बोथट टोकाची कात्री आणि टूर्निकेट, म्हणजे हाताला आवळायचा रबरी पट्टा. पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव असेलच असं नाही.

बी.एस्सी.च्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्या सेमिस्टरला नर्सिंग फाउंडेशनसोबत हेल्थ असेसमेंटचं मॉड्यूल आहे. जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलामुलींनाही पहिल्याच वर्षी वॉर्डात उभं राहून व्हायटल्स, म्हणजे नाडी, श्वास, ताप, रक्तदाब, घ्यावे लागतात. म्हणजे किट शोभेचं नाही, पहिल्या पोस्टिंगपासून रोज हातात असणार. म्हणून इथे एकच कसोटी लावली आहे: या साधनाने रुग्णाबद्दल चुकीचा आकडा मिळतो का, आणि मिळाला तर वॉर्डात त्याचं काय होतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. थर्मामीटर, हॅमर, टेप, कात्री ठीक. ऑक्सिमीटर दुकानातच चालवून बघून घ्यावा. स्टेथोस्कोप शिकण्यापुरता. बीपी यंत्र बहुतेक किटांमधलं सगळ्यात कच्चं साधन, आणि ट्यूनिंग फोर्क निव्वळ वजन वाढवायला. जी वस्तू सगळ्यात जास्त वेळा लागते, ती म्हणजे सेकंद काट्याचं घड्याळ, पिशवीत नसतेच. पाचपैकी अडीच गुण, त्यातला अर्धा पिशवीच्या चेनला, कारण ती खरंच मजबूत असते.

बीपी यंत्र

कफच्या कापडावर 'अडल्ट' छापलेलं असतं, पण मोजायची असते ती आतली रबरी पिशवी. चेन किंवा फट उघडून टेप लावा. किटमधल्या कफात ती बहुधा १२ बाय २२ सेंटिमीटरची निघते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तक्त्यात हे माप 'स्मॉल अडल्ट' म्हणून दिलं आहे, २२ ते २६ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी. २७ ते ३४ सेंटिमीटरच्या दंडाला १६ बाय ३० ची पिशवी लागते, त्याहून जाड दंडाला १६ बाय ३६ ची. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के, रुंदी ४० टक्के.

कफ लहान पडला की आकडा फुगतो. बाल्टिमोरमध्ये स्वयंचलित यंत्रांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक माप लहान कफाने वरचा आकडा सरासरी ५ मिमीने (पाऱ्याचे मिलिमीटर, रक्तदाबाचं एकक), तर दोन मापं लहान कफाने जवळपास २० मिमीने जास्त दाखवला. धंतोलीच्या एखाद्या ओपीडीत पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या काकूंना किटमधला कफ लावला तर १३० चे १४५ व्हायला वेळ लागत नाही, आणि त्या आकड्यावर गोळी वाढते. उलट टीबी वॉर्डातल्या काडीसारख्या हातावर हाच कफ बरोबर बसतो. त्यामुळे 'माझं यंत्र चांगलं आहे' या वाक्याला अर्थ नाही. कोणाच्या दंडावर, ते सांगा.

दुकानात यंत्र तपासायला पाच मिनिटं पुरतात. कफ पाण्याच्या भरलेल्या बाटलीवर गुंडाळा, २०० पर्यंत फुगवा, व्हॉल्व्ह बंद करा आणि एक मिनिट काटा बघा. ४ मिमीपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी हवा गळते आहे, बहुधा बल्बच्या जोडापाशी नाहीतर नळी डायलला लागते तिथे. मग व्हॉल्व्ह हळूहळू सोडा. काटा सेकंदाला २ ते ३ मिमी या वेगाने खाली आणता आला पाहिजे. स्वस्त व्हॉल्व्हची खोड अशी की तो आधी अडतो आणि मग फस्सकन सुटतो. काटा एका झटक्यात २० मिमी उतरला की पहिला आवाज कितीवर आला हे कुणालाच सांगता येणार नाही. वेल्क्रोही बघा. १८० च्या पुढे फुगवल्यावर चर्र करत उखडत असेल तर सहा महिन्यांत तो सेफ्टी पिनेवर येईल.

काटा शून्यावर आहे म्हणून यंत्र बरोबर, हा दुकानदाराचा लाडका युक्तिवाद. काही डायलमध्ये शून्यापाशी बारीक खिळ्यासारखा अटकाव असतो. आतली स्प्रिंग बिघडली तरी काटा त्या खिळ्याला टेकून निमूटपणे शून्यच दाखवतो. खरी तपासणी म्हणजे टी आकाराच्या जोडणीने आपलं यंत्र आणि हॉस्पिटलचं कॅलिब्रेट केलेलं, म्हणजे प्रमाणित यंत्राशी जुळवून घेतलेलं यंत्र एकाच बल्बला लावायचं आणि ६०, १००, १५०, २०० या चार ठिकाणी दोन्ही वाचायची. कुठेही ३ मिमीहून जास्त फरक आला तर कॅलिब्रेशन. डायलचं यंत्र एकदा जरी हातातून फरशीवर पडलं तरी ही तपासणी परत करावी लागते. पाऱ्याच्या यंत्राला ही भानगड कमी होती, पण पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मंजुरी दिली आणि पारा वॉर्डातून निघत चालला आहे. तेव्हा डायलशी जमवून घेणं आलंच.

आता यंत्र चांगलं असूनही आकडा कुठे बिघडतो. रुग्णाला पाठीला टेका देऊन पाच मिनिटं बसवा, पाय जमिनीवर टेकलेले, एकावर एक नाही. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्या. चहा, तंबाखू, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) यानंतर अर्धा तास थांबा. खर्रा नागपुरात वेगळा विचारावा लागतो, कारण 'तंबाखू खाता का?' याला 'नाही जी' म्हणणारे काकाजी गालात खर्रा धरून बसलेले असतात. दंड हृदयाच्या पातळीवर, खाली आधार देऊन. हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढतो. ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवली की तिचंच टूर्निकेट होतं, म्हणून बाही काढायला सांगा, पडदा ओढून. कफची खालची कड कोपराच्या खोबणीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. फुगवताना आणि उतरवताना रुग्णाशी बोलू नका, त्यालाही बोलू देऊ नका.

मनगटाची नाडी धरून कफ फुगवा. नाडी नाहीशी झाली तो आकडा मनात ठेवा, हवा सोडा, मिनिटभर थांबा. मग स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याच्या ३० मिमी वर जा आणि उतरत या. नवशिक्यांना ही पायरी वेळखाऊ वाटते आणि ती गाळली जाते. पण काही रक्तदाबाच्या रुग्णांत आवाज १९० ला सुरू होतो, १६० च्या आसपास गायब होतो आणि १४० ला परत येतो. थेट १६० पर्यंत फुगवून सुरुवात केली तर १४० हाच वरचा आकडा म्हणून लिहिला जातो. नाडी धरली असती तर हे घडलं नसतं. स्टेथोस्कोपचं तोंड कफच्या खाली खुपसून ठेवायचं नाही. हात मोकळे राहतात हे खरं, पण दाब बदलतो.

डायलवरच्या रेघा दोन-दोन मिमीच्या आहेत. त्यामुळे चार्टवर १२५/७५ किंवा १३५/८५ दिसलं की तो आकडा डायलवरून आलेला नाही, हे अनुभवी सिस्टर लगेच ओळखतात. सगळ्या खाटांवर १२०/८० असेल तर ओळखायलाही अनुभव लागत नाही.

पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढतात, तेव्हा याच यंत्राची खरी परीक्षा होते. ९०/५० आणि ९०/७० यांतला दुसरा आकडा जास्त धोक्याचा, कारण वरच्या-खालच्यातला फरक २० वर आला आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपतो आहे. खालचा आकडा 'अंदाजे' लिहिण्याची सवय असेल तर हा फरक कधी दिसतच नाही. टूर्निकेट चाचणीलाही बीपी यंत्रच लागतं, किटमधला रबरी पट्टा नाही: वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मध्यावर कफ पाच मिनिटं फुगवून ठेवायचा, सोडल्यावर एका चौरस इंचात १० किंवा जास्त बारीक लाल ठिपके मोजले गेले तर चाचणी पॉझिटिव्ह. गळका कफ पाच मिनिटं दाब धरतच नाही, आणि मग ठिपके आले नाहीत म्हणून सगळे निश्चिंत.

सल्ला: किटमधलं बीपी यंत्र नको. वेगळं, बिल आणि वॉरंटीसकट, साधारण हजार-बाराशेचं घ्या आणि सोबत मोठ्या मापाचा एक जादा कफ. वर्गातल्या चौघींनी मिळून एकच मोठा कफ घेतला तरी चालतं.

स्टेथोस्कोप

रक्तदाब, आतड्यांचे आवाज, रायल्स ट्यूबची (नाकातून पोटात घातलेल्या नळीची) जागा बघताना डॉक्टरांसोबत ऐकणं, एवढ्याला किटमधला स्टेथोस्कोप पुरतो. फुफ्फुसाच्या तळाची बारीक चरचर आणि हृदयाचा तिसरा आवाज इथे तो कमी पडतो. मेडिकलच्या किंवा मेयोच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांच्या, जनरल वॉर्डात पंखे, नातेवाईक आणि ट्रॉल्या यांच्या गोंगाटात तर नक्कीच. पातळ नळीतून बाहेरचा आवाज आत शिरतो. कडक प्लास्टिकची कानबोंडं कान दुखवतात आणि नीट बसली नाहीत की अर्धा आवाज तिथेच गळतो. पन्नास-शंभर रुपयांत मऊ बोंडं मिळतात, ती आधी बदला. फरक लगेच कळतो.

दुकानात बघायचं ते असं. कानात घालताना नळ्यांचा कल पुढे, नाकाच्या दिशेने. उलट घातला तर आवाज कानाच्या भिंतीवर आपटतो आणि 'हा खराब आहे' असं वाटतं. मोठ्या पडद्यावर बोटाने हलकी टिचकी मारा. आवाज आला नाही तर स्टेथोस्कोपची मान फिरवून दुसरं तोंड चालू आहे का बघा. दोन तोंडांच्या स्टेथोस्कोपमध्ये एका वेळी एकच बाजू उघडी असते, आणि 'बीपीचा आवाजच येत नाही' या तक्रारीचं निम्म्या वेळा हेच कारण निघतं. मान फिरवल्यावर टक् असा पक्का थांबा जाणवला पाहिजे, सैल गरगरणारी नको.

मोठा पडदा घट्ट दाबून धरायचा, उंच पट्टीच्या आवाजासाठी: श्वास, आतडी, हृदयाचे नेहमीचे दोन आवाज. घंटेसारखी छोटी बाजू जेमतेम टेकवायची, खालच्या पट्टीसाठी. ती दाबली की कातडी ताणून तिचाच पडदा होतो आणि जे ऐकायचं तेच नाहीसं होतं.

श्वास कपड्यावरून ऐकायचा नाही. पाठीवर डावी जागा, मग तीच उजवी, असं वरून खाली, तोंड उघडून खोल श्वास घ्यायला सांगून. तळाशी चरचर लागली तर खोकायला सांगा आणि परत ऐका. गेली तर छातीतला बेडका होता, राहिली तर नोंद करून कळवा. छातीवर केस असतील तर त्यांचं घासणं हुबेहूब चरचरीसारखं वाटतं. केस ओले केले की थांबतं. पोटाचा क्रम मात्र वेगळा: बघणं, ऐकणं, ठोकणं, मग दाबणं. आधी दाबलं तर आतडी हलतात आणि ऐकू येणारा आवाज आपणच तयार केलेला असतो.

महाग घ्यावा का, हा प्रश्न प्रत्येक बॅचला पडतो. लिटमनचा क्लासिक थ्री आठ-दहा हजारांच्या आसपास जातो. दोन्ही बाजूंना पडदा, दाब कमी-जास्त करून पट्टी बदलता येते, छोटी बाजू लहान मुलांसाठी किंवा रिम बदलून घंटा म्हणून. वस्तू उत्तम, पण पहिल्या वर्षी गरज नाही. मायक्रोटोनसारखा साधा घ्या, कानाला सवय होऊ द्या. आयसीयू किंवा बालरोग विभागात जायचं ठरलं की मग विचार करा. लिटमनच्या नावाने नकलीही विकल्या जातात. अस्सलवर सिरियल नंबर कोरलेला असतो, आणि अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणजे काय ते समजून घ्या.

नागपुरात स्टेथोस्कोप मारतो तो उन्हाळा. गाडीच्या डिक्कीत एप्रिल-मे काढले की नळी कडक होते, चिकटते, मग वळणावर चिरते. गळ्यात लटकवून ठेवल्यानेही घाम आणि तेल नळीत मुरतं. पिशवीत सैल गुंडाळून ठेवा. प्रत्येक रुग्णानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या स्वॅबने पुसा. बादलीत बुडवायचा नाही.

ऑक्सिमीटर

किटमधले ऑक्सिमीटर वाटतात तितके वाईट नसतात. ९० च्या वर बहुतेक जण दोन-तीन टक्क्यांच्या आत असतात. ८० च्या खाली कोणाच्याही आकड्यावर विसंबू नये. दुकानात स्वतःच्या बोटाला लावा, दुसऱ्या हाताने मनगटाची नाडी मोजा. यंत्राचा नाडीचा आकडा आपल्या मोजणीशी जुळत नसेल तर त्याचा ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या. उसळती पट्टी किंवा लाट दाखवणाराच घ्या. नुसते दोन आकडे दाखवणाऱ्यावर सिग्नल खरा की खोटा हे कळायला मार्गच नाही. आकडा स्थिर व्हायला पंधरा-वीस सेकंद द्या.

एक बारीक पण खतरनाक गोष्ट. स्क्रीनवरचे इंग्रजी आकडे रुग्णाच्या बाजूने सरळ असतात, तुमच्या बाजूने उलटे. त्या आकड्यांतला ९८ उलटा वाचला की ८६ दिसतो, आणि ८६ चा ९८. ९६ मात्र उलटूनही ९६ च. बटण दाबून दिशा फिरवता येणारं मॉडेल घ्या. या एका सोयीसाठी शंभर रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

आकडा कुठे फसवतो: गार पडलेलं बोट, थरथरणारा हात, गडद नेलपेंट, लग्नसराईतली काळी मेंदी. सावळ्या त्वचेवर यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतं, याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये इशारा दिला होता. विदर्भात सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आहे, आणि अशा रुग्णात बोटावरचा आकडा रक्ततपासणीपेक्षा वेगळा येऊ शकतो. म्हणून एका आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चालला आहे ते बघायचं. हिमोग्लोबिन ५ वर आलेल्या बाईचाही ९८ येतो, कारण असलेलं थोडं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं आहे एवढंच यंत्र सांगतं. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाला कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली असेल तर यंत्र सगळं छान दाखवेल. आणि सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. तिथे ९८ करायला ऑक्सिजन वाढवत नेणं म्हणजे आणखी बिघडवणं.

जे पिशवीत नाही

सेकंद काट्याचं घड्याळ. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. काटा रंगीत आणि अंधारात दिसेल असा बघून घ्या, कारण रात्रपाळीत वॉर्डातले दिवे घालवलेले असतात. मोबाइलचा टायमर नको. तो हात रुग्णाला लावायचा आणि तोच स्क्रीनला, यात संसर्गाची ये-जा होते.

व्हायटल्समध्ये सगळ्यात आधी बिघडतो तो श्वासाचा वेग, आणि चार्टवर सगळ्यात जास्त थापा त्याच्याच मारल्या जातात. बघावं तिथे १८ किंवा २०. पूर्ण ६० सेकंद मोजा. मनगट धरून नाडी मोजून झाली की हात तसाच ठेवा आणि नजर छातीवर न्या. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. मोठ्यांत १२ ते २०. मुलांत जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा पाठच करा: दोन महिन्यांखाली ६०, बारा महिन्यांपर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, तेवढा किंवा त्याहून जास्त म्हणजे वेगवान. नाडी नियमित असेल तर ३० सेकंद मोजून दुप्पट चालतं. अनियमित वाटली तर पूर्ण मिनिट, आणि पाचव्या फासळीच्या फटीत हृदयाचे ठोकेही मोजा. एकीने छातीवर, दुसरीने मनगटावर, एकाच वेळी. दोन्हींतला फरक लिहा.

घड्याळासोबत त्वचेवर लिहायचं मार्कर पेनही घ्या. सर्पदंशाच्या रुग्णाची सूज कुठपर्यंत आली तिथे रेघ आणि वेळ, असं टाकत गेलं की डॉक्टरला तोंडी काही सांगावं लागत नाही. आणि एनईडब्ल्यूएस टू चं, म्हणजे रुग्ण बिघडतोय का हे आकड्यांवरून ओळखायचं कार्ड लॅमिनेट करून ठेवा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये काढलेल्या या गुणपत्रकात सात गोष्टी आहेत: श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन लावलेला आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप. बेरीज ५ झाली की तातडीने डॉक्टर, ७ झाली की आणीबाणी, एकाच रकान्यात ३ आले तरी कळवायचं. किटमधल्या चार साधनांतून निघालेले आकडे एकत्र वाचायची सवय याने लागते. गरोदर स्त्रिया आणि १६ वर्षांखालच्या मुलांना हे लागू नाही, डागा या स्त्रियांच्या हॉस्पिटलच्या पोस्टिंगला ते बाजूला ठेवा.

उरलेला माल

थर्मामीटर बरा असतो. काख आधी कोरडी करा, टोक खळग्याच्या मध्यावर, बीप होईपर्यंत हात छातीशी घट्ट. तोंडात घेणार असाल तर गार किंवा गरम प्यायल्यावर पंधरा ते तीस मिनिटं थांबा. एककाची नोंद हवीच, नुसतं '३९' किंवा '१०२' नको. नागपूरकरांनी डब्यातला कागद उघडून वाचावा: बहुतेक डिजिटल थर्मामीटर १० ते ४० अंश सेल्सिअस हवेत वापरायचे असतात. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमधल्या शिबिरात हवाच ४५ वर असते. थर्मामीटर सावलीत, पिशवीच्या आत ठेवा. उष्माघाताच्या संशयात काखेच्या आकड्यावर विसंबायचं नाही. आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असताना काख ३८ दाखवू शकते. बरळणं, झटके, शुद्ध हरपणं दिसलं की गुदाशयातलं तापमान आणि लगेच थंड करणं, आकड्याची वाट न बघता.

पेनटॉर्चचा पांढरा एलईडी फार प्रखर असतो, रुग्ण डोळे गच्च मिटून घेतो आणि बाहुली बघताच येत नाही. पिवळसर उजेडाचा मिळाला तर तो घ्या. दांड्यावर छापलेले बाहुलीचे गोल पट्टीने मोजून बघा, ४ मिमीचा गोल कधी ५ चा निघतो. उजेड समोरून नाही, कानशिलाकडून आत आणायचा. दोन्ही डोळे बघायचे, ज्यात टाकला तोही आणि दुसराही. शुद्धीची नोंद (ग्लासगो कोमा स्केल) बेरजेत नाही तर तुकड्यांत करा: 'ई ३ व्ही ४ एम ५' (डोळे, बोलणं, हालचाल) यातून कळतं, नुसत्या १२ तून कळत नाही.

ट्यूनिंग फोर्कवर किती हर्ट्झचा ते छापलेलंच नसतं. पायाला कंप जाणवतो का हे बघायला १२८ चा लागतो, कानाच्या चाचणीला ५१२ चा. बिननावाचा दोन्हीकडे निरुपयोगी. मधुमेही पायासाठी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का हे बघायचा नायलॉनचा तंतू) घेतलात तर तो कम्युनिटी पोस्टिंगला कितीतरी जास्त कामाचा. हॅमर, कात्री ठीक. टेप कापडी असेल तर ताणली जाते, स्टीलच्या पट्टीशी जुळवून बघा, कारण दंडघेर मोजताना ११.५ सेंटिमीटरच्या खाली मूल अतितीव्र कुपोषित ठरतं आणि तिथे अर्धा सेंटिमीटर म्हणजे पुष्कळ.

कॉलेजने फीमध्येच किट धरलं असेल तर नाइलाज. मग निदान हातात पडल्या दिवशीच बाटलीची चाचणी आणि ऑक्सिमीटर-नाडीची जुळणी करून घ्या आणि खराब नग लेखी देऊन बदलून मागा, आठवड्याने कोणी ऐकत नाही. स्वतः घेणार असाल तर सुटं घ्या: बीपी यंत्र, जादा कफ, साधा स्टेथोस्कोप, ऑक्सिमीटर, थर्मामीटर, टॉर्च, घड्याळ, टेप. तयार किटापेक्षा हजार-दीड हजार जास्त लागतील, पण चार वर्षं टिकेल. मेडिकल चौकातल्या दुकानांचा फायदा हा की समोर फुगवून बघू देतात. जो बघू देत नाही त्याच्याकडून घेऊच नका. पक्कं बिल घ्या, त्यावर यंत्राचा नंबर लिहून घ्या, आणि कॅलिब्रेशन दुकानातच होतं की कंपनीकडे पाठवतात, किती दिवस लागतात, हे पैसे देण्याआधी विचारा.